लिलावांतील बोली व पैशांचा वाद

सुगी संपून तूर, सोयाबीन व हरभरा यांचीं पोतीं मुरुमच्या बाजारांत येऊं लागलीं, म्हणजे येथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत एक देखावा आमच्या विद्यार्थ्यांस नेहमीं पाहावयास मिळतो. मालाची रास पडलेली असते. अडत्या, खरीददार व मालाचा धनी सभोंवार उभे असतात. बोली सुरू होते, चढते आणि बघतां बघतां थांबते. या सर्व व्यवहारास फार तर दोनचार मिनिटें लागतात. परंतु त्या दोनचार मिनिटांच्या पाठीमागें एका कुटुंबाचे वर्षभराचे कष्ट असतात. मुलांची फी, थोरल्या बहिणीचें लग्न, सोसायटीचें कर्ज, पुढील पेरणीचें बियाणें, हें सर्व त्या एका आंकड्यावर अवलंबून असतें.

आंकडा ठरला म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. बोली थांबली व माल दुसऱ्याचा झाला. पण पैसा आपला केव्हां होणार? या दोन क्षणांमधील अंतर जितकें मोठें, तितकी तंट्यास जागा अधिक. लिलावांतील पैशांचे बहुतेक वाद याच अंतरांत उपजतात. आणि ते टाळण्यासाठीं आजवर जे जे उपाय योजिले गेले, ते हें अंतर कमी करण्याचे किंवा त्यावर पहारा बसविण्याचेच उपाय होत. प्रस्तुत लेखांत हीच गोष्ट उलगडून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. मालविक्रीचा स्वतंत्र कायदा १९३० सालीं झाला, व त्यांतील ६४ वें कलम लिलावासंबंधीं आहे. लिलाव पुकारणारानें हातोडा आपटून अथवा तेथील रूढीप्रमाणें सौदा पुरा झाल्याचें जाहीर केलें, म्हणजे विक्री पूर्ण होते. तोंपर्यंत बोली बोलणारास आपली बोली मागें घेतां येते. त्यानंतर येत नाहीं. विकणारानें भाव चढविण्याकरितां आपलाच माणूस खोटी बोली बोलावयास उभा केला, तर घेणारास तो सौदा मोडतां येतो. याच कायद्यांत दुसरा एक मोलाचा नियम आहे. वेगळा करार नसेल, तर माल देणें व मोल देणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं व्हावयाचीं असतात. उधारी ठरलेली नसतां मोल मिळालें नाहीं, आणि माल अद्याप आपल्या ताब्यांत असला, तर तो अडवून ठेवण्याचा विकणारास हक्क आहे. परंतु माल घेणाराच्या ताब्यांत गेला, कीं हा हक्क संपतो. मग उरतें तें केवळ पैशाचें मागणें.

हीं तत्त्वें सरळ दिसतात. पण आपल्या बाजारांत तीं सहज रुजलीं नाहींत. जुन्या काळीं पुष्कळ ठिकाणीं भाव उघड बोलून ठरतच नसे. अडत्या व खरीददार एका रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत, व त्या खुणांनीं भाव ठरे. यास हत्ता पद्धति म्हणत. मालाचा धनी शेजारींच उभा असे. परंतु अडत्या सांगेल तोच भाव त्यास खरा मानावा लागे. जो भाव आपण ऐकलाच नाहीं, त्याविषयीं भांडावयाचें तरी कसें? म्हणून रुमाल दूर करून बोली उघड करणें, ही सुधारणेची पहिली पायरी होती.

वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं सरकारी नियमांखालीं बाजार चालूं लागला. आपल्या देशांतील नियंत्रित बाजारांचा आरंभ तेथून मानतात. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. १९२८ सालीं शेतकीविषयक शाही कमिशननें असे बाजार वाढविण्याची शिफारस केली. मुरुम त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांतही १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा करण्यांत आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ सालीं राज्याचा कायदा झाला, व आजच्या बाजार समित्या त्याखालीं चालतात. उघड लिलाव, परवाना असलेले व्यापारी, नेमलेल्या तोलारानें केलेलें वजन, आणि वाद पडल्यास तो सोडविण्याची व्यवस्था, हीं या पद्धतीचीं मुख्य अंगें होत.

आतां एक उदाहरण सोडवून पाहूं. आमच्या सातवींतील विद्यार्थीही तें करूं शकतील. समजा, एका शेतकऱ्यानें दहा क्विंटल तूर क्विंटलास ७,००० रुपये या बोलीनें विकली. एकूण मोल ७०,००० रुपये झालें. पट्टी करतांना त्यास सांगण्यांत आलें, "माल ओलसर आहे, क्विंटलामागें एक किलो कडता धरूं, आणि पैसे आजच रोख पाहिजेत, तर शेंकडा दोन वटाव कापूं." कडत्याचे दहा किलो, म्हणजे ७०० रुपये गेले. उरलेल्या ६९,३०० रुपयांवर वटाव १,३८६ रुपये झाला. एकंदर २,०८६ रुपये कमी होऊन हातीं ६७,९१४ रुपये आले. बोली ७,००० रुपयांची होती. पदरांत भाव पडला सुमारें ६,७९१ रुपयांचा. लिलाव उघड झाला, पण पट्टी झांकून झाली, तर रुमाल गेला असें कसें म्हणावें? वटाव म्हणजे आपलेच पैसे वेळेवर मिळावेत म्हणून आपणच भरलेलें व्याज होय. जी कपात कायद्यांत व बाजार समितीच्या उपविधींत सांगितलेली नाहीं, ती कापण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

पुष्कळदां वाद कपातीचा नसून उशिराचा असतो. "खरीददाराकडून पैसे आले नाहींत, पुढच्या बाजारीं या," असें उत्तर मिळतें. अशा वेळीं आपला देणेकरी कोण, हें प्रथम पाहावें. अडत्याच्या हातीं माल सोंपवून त्याच्या सहीची पट्टी घेतली असेल, तर पहिलें मागणें त्याच्याकडे करावें. कारण सौदा जुळवून पैसे मिळवून देणें याचीच तो अडत घेतो. तोंडी तगाद्यानें काम न झाल्यास पट्टीची नक्कल जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा, व त्याची पोंच घ्यावी. अर्जांत तारीख, मालाचें नांव, वजन, भाव, मिळालेली व राहिलेली रक्कम एवढें असलें म्हणजे पुरे. रागाचे शब्द घातल्यानें अर्जाचें वजन वाढत नाहीं. परवाना देणें व तो काढून घेणें समितीच्या हातीं असल्यामुळें तिच्या शब्दास व्यापाऱ्याजवळ किंमत असते.

उशीर थांबविण्यासाठीं कायदा करणारांनींही प्रयत्न केले आहेत. केंद्र सरकारनें २००३ सालीं राज्यांपुढें एक नमुना कायदा ठेविला. त्याच दिवशीं मोल न देणारानें पांच दिवसांपर्यंत दररोज शेंकडा एक प्रमाणें जादा रक्कम द्यावी, व तरीही पैसे न दिल्यास सहाव्या दिवशीं त्याचा परवाना रद्द समजावा, अशी त्यांत योजना होती. वरील ७०,००० रुपयांवर ही रक्कम दररोज ७०० रुपये, म्हणजे पांच दिवसांत ३,५०० रुपये होईल. पुढें २०२० सालच्या केंद्रीय कायद्यानें बाजाराच्या आवाराबाहेरील सौद्यांचे पैसे त्याच दिवशीं, अथवा फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यावेत असें ठरविलें, व वाद उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे सोंपविले. परंतु दिवाणी न्यायालयाचें दार त्यांत बंद केलेलें होतें, हा त्यावरील आक्षेपांपैकीं एक होता. शेतकऱ्यांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०२१ सालीं तो कायदा रद्द झाला. यावरून एवढें दिसतें, कीं पैसे लवकर मिळावेत हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच न मिळाल्यास कोणाकडे जावें हेंही महत्त्वाचें आहे.

रोख रकमेऐवजीं धनादेश मिळाला व तो वटला नाहीं, तर दिवस मोजण्यास विसरूं नये. बँकेकडून तसें कळल्यापासून तीस दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोंचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास पुढील एक महिन्यांत न्यायालयांत तक्रार करतां येते. मालाच्या किंमतीसाठीं दिवाणी दावा लावण्याची साधारण मुदत तीन वर्षांची आहे. भिडेपोटीं मुदत गेली, तर खरें येणेंही बुडतें.

येथवर आम्हीं विकणाराची बाजू मांडली. परंतु न्याय एका बाजूचा नसतो. नमुना पाहून माल घेतला असेल, तर सर्व माल त्या नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, असें वरील १९३० चाच कायदा सांगतो. राशीवर चांगली तूर व खालीं भिजलेली किंवा माती मिसळलेली तूर ठेवणारा शेतकरी स्वतःचाच पैसा अडकवितो. कारण खरीददारास मोल रोखण्यास तो आपल्या हातानें कारण देतो. शिवाय एकाच्या लबाडीमुळें गांवच्या साऱ्या मालाकडे संशयानें पाहिलें जातें. म्हणून मालाविषयींची हरकत वजनापूर्वींच बोलून मिटवावी, व बोली थांबल्यावर कोणींही शब्द फिरवूं नये.

अलीकडे लिलाव आवाराच्या भिंती ओलांडून गेला आहे. १४ एप्रिल २०१६ रोजीं ई-नाम ही राष्ट्रीय योजना आठ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली. तींत बोली संगणकावर लागते, भाव पसंत नसल्यास धन्यास नकार देतां येतो, व मोल थेट त्याच्या बँक खात्यांत जमा करण्याची सोय असते. इतर वस्तूंचे लिलाव तर त्यापूर्वींच इंटरनेटवर होऊं लागले होते. अमेरिकेंत १९९५ सालीं ईबेचा आरंभ झाला. मुंबईची बाझी ही कंपनी ईबेनें २००४ सालीं विकत घेतली, व ईबेचा तो भारतांतील बाजार २०१८ सालीं बंद झाला. अशा लिलावांत घेणारा एका प्रांतांत व विकणारा दुसऱ्या प्रांतांत असतो. माल आधीं कीं पैसे आधीं, हा प्रश्न येथें फारच अवघड होतो. त्यावर तोड निघाली ती अशी, कीं घेणारानें पैसे तिसऱ्या विश्वासू मध्यस्थाकडे भरावे, आणि माल पोंचल्यावर मध्यस्थानें ते विकणारास द्यावे. हॉलंडांतील बागाइतदारांच्या सहकारी लिलावगृहांतही फुलांचे पैसे लिलावगृहामार्फतच शेतकऱ्यास मिळतात. त्यास एकेका खरीददाराच्या दारीं जावें लागत नाहीं.

म्हणून इंटरनेटवर व्यवहार करतांना, "मध्यस्थास वगळा, पैसे परस्पर पाठवा, स्वस्तांत देतों," असें जो म्हणतो, तो आपला पहारेकरीच दूर करावयास सांगतो, हें ओळखावें. पैसे घेण्यासाठीं मोबाइलवर गुप्त पिन कधींच द्यावा लागत नाहीं. तो लागतो केवळ पैसे देण्यासाठीं. स्वतःच्या उपयोगासाठीं घेतलेल्या वस्तूविषयीं तक्रार असेल, तर २०२० च्या नियमांप्रमाणें विक्रीस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व एक महिन्यांत निवारण करावें असें आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ हाही सर्वांनीं ध्यानांत ठेवावा.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. पुष्कळ घरांत वडील बोली उत्तम जाणतात. मालावर हात फिरवून त्याचा भाव सांगतात. पण बारीक अक्षरांतील पट्टी वाचण्याचें काम घरांतील शिकलेल्या मुलामुलींकडेच येतें. तें काम हलकें समजूं नका. यंदा माल विकून आई-वडील घरीं आले, कीं पट्टी मागून घ्या. वजन, भाव व कपात यांचा हिशोब पुन्हां करा. कच्ची चिठ्ठी असेल, तर पक्की पट्टी आणावयास सांगा. प्रत्येक वर्षाच्या पट्ट्या तारीखवार एका दोऱ्यांत ओंवून ठेवा. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलानें चूक दाखविली तर त्यास उद्धट म्हणूं नये. शाळेंत शिकविलेली त्रैराशिकाची रीत ज्या दिवशीं घरच्या पट्टीवर चालेल, त्या दिवशीं तिचें शिक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.