उताराखाली गाडी उभी करू नकोस

सोलापूर

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू टाकलेला व्हिडिओ ताईने पुन्हापुन्हा पाहिला. ‘काय पांढरंशुभ्र आहे रे!’ म्हणत शेजारच्या काकूंनाही दाखवला. भूगोलाचा जुना मास्तर असलेल्या तुझ्या मामाला मात्र त्यात दुसरंच दिसलं. चढावर एक स्नोमोबाईल रुतलेली, तिला सोडवायला दुसरी वर निघालेली, आणि बाकीची मंडळी त्याच उताराच्या पायथ्याशी रांगेत बसून गंमत बघतायत. सोलापूरच्या माणसाने बर्फावर बोलावं हाच विनोद; इथे बर्फ भेटतो तो उसाच्या रसात. तरी ऐक.

कॅलगरीहून तुम्ही ज्या फर्नीला जाता, त्याच भागात हार्वी पास आहे. 28 डिसेंबर 2008 रोजी स्पारवुडचे अकरा जण तिथे स्नोमोबाईल घेऊन गेले होते. नवखे नव्हते, तिथलेच होते. पहिल्या हिमस्खलनात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे धावून आले, खणू लागले, आणि वरून दुसरा लोंढा आला. त्यात तेही गाडले गेले. दोघांनी कसंबसं स्वतःला मोकळं केलं, तिसऱ्याला उकरून काढलं, आणि आठ मित्रांना तिथेच सोडून ते तिघे खाली निघाले, कारण डोंगर अजून थांबला नव्हता. त्या तिघांना दोष द्यायची कुणाची छाती आहे?

दुसरा प्रसंग रेव्हलस्टोकचा. 13 मार्च 2010 रोजी तिथल्या बोल्डर माउंटनवर सुमारे दोनशे माणसं जमली होती. कोण गाडी उतारावर सर्वांत उंच नेतो, याची चढाओढ चालली होती. हिमस्खलनाचा धोका मोठा असल्याचा इशारा आधीच दिलेला होता. उतार सुटला आणि खाली बघत उभ्या असलेल्या गर्दीवर आला. दोघांचा जीव गेला, तीसेक जण जखमी झाले. तुझ्या व्हिडिओतली ती पायथ्याची रांग आठव.

हे घडतं कसं, ते नीट समजून घे. हिवाळाभर बर्फ थराथरांनी साचतो. मधे कोरडी, कडक थंडी पडली की एखादा थर साखरेसारखा सुटा, रवाळ होतो, आणि त्यावर नवा जड थर बसतो. मार्केट यार्डात सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर पोत्यांची थप्पी रचावी, तशी त्याची गत. कुणी धक्का देईपर्यंत उभी असते. असे थर बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर जिथे गाडी चढवायला मजा येते. जीवघेण्या हिमस्खलनांत धक्का देणारा बहुतेक वेळा सापडलेला माणूस स्वतः किंवा त्याचाच सोबती असतो. आणि तुमची गाडी माणसाच्या कितीतरी पट जड.

पण वजनापेक्षा मामाला भीती वाटते ती वेगाची. चालत किंवा स्कीवर जाणारा दिवसभरात एखाददुसरा उतार गाठतो. वाटेत त्याला बघायला, विचार करायला वेळ मिळतो. थर खचताना येणारा दबका ‘धप्प’ आवाज त्याच्या कानावर पडतो. तुम्ही तासाभरात दहा उतार पालथे घालता आणि इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. म्हणून विचार आदल्या रात्रीच करायचा. ‘ॲव्हलांच कॅनडा’ रोजचा अंदाज देते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी मधली म्हणून ती बरी, असं समजू नकोस. पुष्कळ बळी तिथेच जातात. कुठला उतार टाळायचा हे गरम खोलीत ठरवा. तिथे पोचल्यावर ताजा बर्फ बघून ठरवायला गेलात तर उत्तर ठरलेलंच आहे.

एका वेळी उतारावर एकच गाडी. ती रुतली तर रुतू दे. ज्याची त्याने सोडवावी. बाकीच्यांनी लोंढा पोचणार नाही इतक्या दूर, गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून थांबावं.

आता सामान. ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र, अंगावर, कपड्यांच्या आत. गाडीला लटकवलेला नको, कारण गाडी आणि माणूस एकत्र सापडतीलच असं नाही. मोबाईल त्याच्यापासून लांब ठेव. फावडं आणि शोधायची सळी पाठीवरच्या पिशवीत. एअरबॅग महाग असते, पण फुगली तर मरणाचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं असं अभ्यास सांगतो. नव्या टीव्हीआधी ती घे. आणि दोन दिवसांचा प्राथमिक कोर्स सगळ्यांनी करा, कारण तुला उकरणारे हात तुझ्या मित्रांचेच असणार. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले दहापैकी नऊ वाचतात. पस्तिसाव्या मिनिटाला जेमतेम तीन. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही.

ताई म्हणेल, हनुमंतप्पा सहा दिवस बर्फाखाली जिवंत राहिलाच की! 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचेनवर सुमारे 19,600 फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड 8 तारखेला जिवंत सापडले, तेव्हा आपल्याकडेही लोकांनी देव पाण्यात ठेवले होते. 11 तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. बाकीचे नऊ जण, त्यांत साताऱ्याच्या मस्करवाडीचे सूर्यवंशी, जिवंत सापडलेच नाहीत. शिवाय तिथे शोधायला लष्कर होतं, यंत्रं होती, कुत्री होती. तुमच्याकडे तुम्ही पाच जण.

बाकी, तू जानेवारीत आलास की सगळ्यांनी गुलमर्गला जायचं ताईच्या मनात आहे. जाऊ. तिथल्या सपाटीवर स्थानिक माणूस ताईला स्नो-बाईकवरून फिरवून आणेल, तेवढं पुरे. गोंडोलाने वर अफरवटला गेलात तर गस्तीच्या हद्दीबाहेर जायचं नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथेच हापतखुडला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. आणि तिथे तू कॅनडावाला म्हणून गाइडला शिकवू नकोस. तो सांगेल तिथून परत फिरायचं. तिकिटं काढण्याआधी कोर्सची तारीख कळव.

तुझा,
मामा