ढालीचे वजन

गेल्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या नाट्यमंडळाने एक ऐतिहासिक नाटक बसवायला घेतले होते. पत्र्याची ढाल घेऊन गडाच्या दाराशी उभा राहिलेला आमचा मावळा पहिल्या दोन अंकांत अगदी ताठ होता. तिसऱ्या अंकात मात्र त्याचा डावा हात हळूहळू खाली येऊ लागला. सर ओरडले, ‘‘अरे, ढाल वर!’’ तो काकुळतीने म्हणाला, ‘‘सर, ढाल वर धरू की वाक्य आठवू?’’ सारे खो खो हसले. पण रात्री घरी जाताना वाटले, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पन्नास सेंटिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची ढाल म्हणजे सव्वादोन किलोंहून अधिक वजन. ते दोन तास एका हाताने पेलणाऱ्या नटाकडून अभिनयाची अपेक्षा करायची तरी कशी? या प्रश्नामागे जाताना जे काही शिकायला मिळाले, ते मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रश्न जुनाच

हा प्रश्न आमचाच आहे, असे आम्हांला वाटत होते. ग्रंथालयात भरताचे नाट्यशास्त्र चाळले आणि तो भ्रम गेला. आहार्य अभिनयाच्या विवेचनात भरताने स्पष्टच म्हटले आहे की, रंगभूमीवरील अलंकार आणि शस्त्रे जड असू नयेत. जड वस्तूंनी नट थकतो, त्याला मूर्च्छाही येऊ शकते. म्हणून खऱ्या धातूऐवजी बांबू, कापड, लाख, मेण, अभ्रक यांसारख्या हलक्या पदार्थांतून वस्तू घडवाव्यात, असा त्याचा सल्ला आहे. अशा वस्तूंना त्याने ‘पुस्त’ म्हटले असून त्यांच्या प्रकारांत कापडाने वेष्टून केलेल्या वस्तूंचाही समावेश केला आहे.

कापड आणि घट्ट होणारा चिकट पदार्थ यांची ही जोडी इतरत्रही दिसते. जपानमधील नारा येथील कोफुकुजी मंदिरात इ. स. 734 मधील अशुराची मूर्ती आहे. मातीच्या गाभ्यावर लाखेसारख्या रोगणात भिजवलेले तागाचे कापड थरांवर थर चढवायचे, ते वाळले की आतली माती काढून घ्यायची, अशी तिची घडण. आत पोकळ असल्यामुळे दीड मीटर उंचीची ही मूर्ती आश्चर्य वाटावे इतकी हलकी आहे. आपल्याकडे जव्हार भागातील बोहाड्याचे मुखवटे लाकडाचे तसेच कागदाच्या लगद्याचेही असतात. रात्रभर तोंडावर मुखवटा बांधून नाचणाऱ्या माणसाला हलकेपणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तंतू आणि रेझिन

आज कापडाच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे विणलेले तंतू आले आणि लाखेच्या जागी रेझिन आले; तत्त्व तेच राहिले. तंतू ताण सोसतो. रेझिन तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते आणि वस्तूला आकार देते. एकटा तंतू म्हणजे नुसते कापड, एकटे रेझिन म्हणजे ठिसूळ वडी. दोन्ही एकत्र आले म्हणजेच काम होते.

कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा असतो. अशा हजारो तंतूंचा एक पेड करून त्याचे कापड विणतात. आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्बन म्हणजे काचतंतूपेक्षा कितीतरी हलका, असे आम्ही समजत होतो. हाताने रेझिन लावून केलेल्या सारख्याच जाडीच्या दोन तुकड्यांच्या वजनात तसा मोठा फरक पडत नाही. फरक आहे तो ताठरपणात. कार्बन तंतू साध्या काचतंतूच्या सुमारे तिप्पट ताठ असतो. म्हणून तेवढ्याच ताठरपणासाठी पातळ थर पुरतो. लांब भाल्याचा दांडा, निशाणाची काठी, पाठीवर बांधायच्या पंखांचा सांगाडा अशा लवू नयेत त्या वस्तूंना कार्बनचा खरा उपयोग आहे. मुकुट, बाजूबंद, छोटी ढाल यांना स्वस्त काचतंतू पुरेसा होतो.

दुसरी युक्ती भूमितीची आहे. पत्र्यासारख्या वस्तूची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा आठपट होतो. म्हणून मधे हलका गाभा आणि दोन्ही बाजूंना तंतूंचे पातळ कवच अशी रचना केली, तर वजन फारसे न वाढता वस्तू ताठ राहते.

आमची ढाल

पहिला प्रयत्न सपशेल फसला. दूरदर्शन संचाच्या खोक्यातला थर्मोकोल कोरून आम्ही ढालीचा गाभा केला आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन फासले. काही मिनिटांत ढाल डोळ्यांदेखत खचू लागली! पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असते आणि ते थर्मोकोल विरघळवते, हे ज्ञान आम्हांला असे झाले. इपॉक्सी रेझिन थर्मोकोलला खात नाही. दुसरी ढाल इपॉक्सीने केली. एका माजी विद्यार्थ्याने कार्बन कापडाचा उरलेला तुकडा दिला होता, तोच वापरला.

कृती थोडक्यात अशी. प्रथम गाभा पॉलिशपेपरने घासून धूळ पुसून घ्यावी. इपॉक्सी आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. ते वजनकाट्यावर तोलूनच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घालू नये. त्याने काम लवकर न होता वस्तू मऊ राहते. एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवावे आणि ते पसरट भांड्यात ठेवावे. खोल मगमध्ये राहिलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने तापते, धुरावते. आमचा एक प्लॅस्टिकचा मग असाच वाकडा झाला.

पहिला पातळ हात दिल्यावर थांबावे. हातमोजा घातलेले बोट लावले असता चिकटेल, पण रेझिन बोटावर येणार नाही, अशी अवस्था आली की कापड पसरावे. कापड कापण्यापूर्वी कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर कडा उसवतात. गोलाईवर तिरप्या विणीचे कापड चांगले बसते, साध्या विणीचे चुण्या पाडते. कापड हाताने मधून कडेकडे दाबत न्यावे. पुढे रेझिनचे दोन-तीन हात द्यावेत. पूर्ण वाळल्यावर आधी जाड्या, मग बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून घासावे. एकसारख्या अनेक वस्तू हव्या असतील, तर मात्र आधी साचा करून त्याला मेणाचे हात द्यावेत आणि आतून थर द्यावेत. अशा कामात जी काही कला आहे, ती साच्यातच असते. साच्यावरचा ओरखडा प्रत्येक नगावर उमटतो.

मूठ, फुले आणि रंग धरून आमची ढाल सहाशे ग्रॅमच्या आसपास भरली. पत्र्याच्या ढालीच्या जेमतेम पाव हिस्सा! गंमत अशी, की ज्या काळ्या चकचकीत विणीचे आम्हांला एवढे अप्रूप होते, ती सारी चामड्याच्या रंगाखाली झाकावी लागली. मावळ्याच्या हाती कार्बनची वीण शोभणार कशी? ती वीण दाखवायची असेल, तर प्रदर्शनातल्या वस्तूवर पारदर्शक लेप देऊन दाखवावी. रंगमंचावर सामग्रीने स्वतः मिरवायचे नसते.

दोन इशारे

पहिला इशारा शस्त्रांविषयी. कार्बन वाकून इशारा देत नाही, एकदम मोडतो, आणि मोडल्यावर त्याच्या कपच्या सुईसारख्या टोचतात. ज्या तलवारी एकमेकींवर आपटायच्या, त्या कार्बनच्या कधीही करू नयेत. तिथे वेत बरा.

दुसरा इशारा करणाऱ्यांच्या हातांविषयी. आमचा एक मित्र मोज्यांशिवाय इपॉक्सी कालवत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मनगटांवर पुरळ उठले. डॉक्टरांनी सांगितले की, एकदा ही बाधा जडली की बहुधा जन्मभर राहते. या कामाला पुन्हा हात लावू नकोस. आमच्यातला सर्वांत कुशल हात असा थोड्या हलगर्जीपणाने गेला. म्हणून हातमोजे, गॉगल, धुळीसाठी योग्य मुखवटा आणि मोकळी हवा यांच्याशिवाय काम सुरूच करू नये. कार्बनची धूळ वीजवाहक असते. ती विजेच्या उपकरणांजवळ उडू देऊ नये. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांनी कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात नटासाठी. वस्तू घडवणाऱ्याची काळजी मंडळानेच घ्यायची असते.

पुन्हा तिसरा अंक

नवी ढाल हाती आल्यावर सारे प्रश्न सुटले, असे आम्हांला वाटले. पण पुढच्या तालमीत आमचा मावळा ती ढाल जेवणाच्या ताटासारखी फिरवू लागला! वार अडवताना मनगट इतके सहज वळे, की लढाई लुटुपुटीची वाटे. सर काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली जुनी पत्र्याची ढाल उचलून त्याच्या हाती दिली आणि सांगितले, ‘‘तीन दिवस हीच वापर.’’ तीन दिवसांनी हलकी ढाल परत मिळाली. तेव्हा त्याचा खांदा किंचित झुकलेला होता, पाय रोवलेले होते, आणि प्रत्येक वारागणिक दंड ताठ होत होता. वाक्य एकही चुकले नाही.

त्या संध्याकाळी उमगले की, रंगभूमीवर दोघांनी मिळून वजन वाटून घ्यायचे असते. घडवणाऱ्याने ते वस्तूतून काढून घ्यायचे आणि नटाने ते आपल्या देहातून परत द्यायचे. कार्बन आणि रेझिन यांनी पहिले अर्धे काम सोपे केले आहे. उरलेले अर्धे मात्र कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही. येत्या वर्षी नाट्यमंडळात येणाऱ्या मित्रांनी दोन्ही अर्धी शिकून घ्यावीत, हीच विनंती.