कार्बनचा हिशेब पंपघरात

नोकरीची बहुतेक वर्षं नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा आणि विद्युत विभागात गेली. २०२० साली राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं आणि भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर नगरपरिषदांना गुण मिळू लागले. पाठोपाठ आराखडे आले, सादरीकरणं आली. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतले तरुण अभियंते अजून विचारतात, “सर, उत्सर्जन कमी करायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची?” त्यांना सांगतो ते असं.

१. आधी वीजबिलं काढा.
सल्लागार नंतर नेमा. लेखा विभागातून वर्षभराची महावितरणची बिलं मागवा आणि ग्राहक क्रमांकानुसार मांडून बसा. लहान शहरांत बहुधा सगळ्यात मोठा आकडा पाणी उपशाचा निघतो, त्याखाली पथदिवे. कार्यालयाची इमारत पार तळाशी. तरीही पहिलं सौर पॅनेल कार्यालयाच्याच गच्चीवर चढतं, कारण उद्घाटनाचा मांडव तिथे सोयीचा पडतो. आणखी एक: कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला की बिल उतरतं, पण उत्सर्जनात फारसा फरक पडत नाही. आराखड्यात या दोन्हींची सर्रास सरमिसळ केलेली असते.

२. वॉल्व्हमनला बैठकीत बसवा.
दहा लाख लिटर पाणी पन्नास मीटर वर चढवायला आपल्याकडचे पंप साधारण सव्वादोनशे युनिट वीज घेतात. देशाच्या ग्रीडमधून आलेल्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला, तर झाले दीडशे किलोंहून जास्त. हे पाणी वाटेत गळालं, तरी एवढा कोळसा जळायचा तो जळून गेलेलाच असतो. आणि नळांना मीटर नसतील तिथे किती गळतं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आमच्याकडे एक जुना वॉल्व्हमन होता. आराखड्याच्या बैठकीचं त्याला बोलावणं नव्हतं. मीच आग्रहाने बसवलं. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “साहेब, वरच्या टाकीचा वॉल्व्ह नीट बसत नाही. रात्री टाकी भरून वाहते, पहाटे परत पंप लावावा लागतो.” वॉल्व्ह बदलला, टाकीला पातळी कळणारा स्वयंचलित स्विच लावला आणि पंपघराच्या नोंदवहीतले तास उतरले. सल्लागाराच्या जाडजूड अहवालात या टाकीबद्दल एक ओळ नव्हती. असणार कशी? ते दुपारी येऊन गेले होते.

झिजलेला इम्पेलर, गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेऊन मग वॉल्व्ह अर्धा आवळून चालवणं, वर्षानुवर्षं रिवाइंड केलेली मोटार, हीच खरी दुखणी. ऑपरेटरला ती तोंडपाठ असतात. त्याला कुणी विचारत नाही.

३. पथदिव्यांची बचत कागदावर फुगते.
जुन्या सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी आले की वीज निम्म्याच्या आसपास येते, त्यात शंका नाही. पण बचतीतून ठेकेदाराला पैसे द्यायचा करार असेल तर पायाभूत वापर कसा काढला ते बघा. वर्षभर बंद असलेले जुने दिवेही त्यात जळत असल्याचं धरलेलं असतं. न वापरलेली वीज मग ‘वाचली’ म्हणून दाखवता येते. टायमर ऋतूप्रमाणे बदलायचं काम एका वायरमनच्या नावावर लेखी लावून द्या. नाही तर उन्हाळ्यात संध्याकाळी लख्ख उजेडात दिवे लागलेले दिसतात.

४. कचऱ्याकडे मिथेनच्या नजरेने बघा.
डेपोवर ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापदायक. म्हणून ओलं-सुकं वेगळं करणं हे निव्वळ स्वच्छतेचं काम नाही. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करून दाखवला आहे. मोठ्या शहरांनी जागा नाही म्हणून हात वर करू नयेत. मुकादम खमका असेल तर घंटागाडीत कचरा वेगळाच येतो. डेपोवर पुन्हा एकत्र ओतला जात असेल, तर मात्र लोक दुसऱ्या आठवड्यात वेगळा करायचं सोडतात, आणि मला त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

५. झाडं लावा, पण हिशेबात धरू नका.
रोपांचे फोटो निघतात, उन्हाळ्यात टँकर निघत नाही. उभी झाडं वाचवा. राज्याच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय, तेवढ्यांची यादी जरी केली तरी पुष्कळ.

६. बांधकाम परवानगीचं टेबल विसरू नका.
मुंबईच्या २०१९ च्या मोजणीत शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन निघालं, आणि त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींतल्या विजेचा. म्हणजे पालिकेने स्वतःचे दिवे कितीही मालवले तरी शहर वेगळंच असतं. तिथे पालिकेच्या हातात उरतो तो नियम. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत काही इमारतींना सौर पाणीतापक सक्तीचा आहे. भोगवटा प्रमाणपत्रापुरता गच्चीवर चढलेला तापक नंतर पुढच्या इमारतीच्या गच्चीवर दिसल्याचं मी पाहिलंय. त्यामुळे तपासणीला जाताना तापकाचा क्रमांक टिपून घ्या, आणि नळ उघडून बघा.

७. लेखाशीर्ष नसेल तर आराखडा नाही.
मुंबईने २०२२ साली हवामान कृती आराखडा केला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते २०२४-२५ चं हवामान अंदाजपत्रक: कोणत्या विभागाचा कोणता खर्च या कामाचा, ते निदान मांडलं गेलं. आपल्या नगरपरिषदेत ठराव एकमताने होतो, सूचक-अनुमोदक मिळतात, टाळ्या पडतात आणि पंप बदलायला पैसे नसतात. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे जातं, म्हणून लेखापालाकडे डिसेंबरातच जाऊन बसा. सोबत ती वीजबिलं न्या. त्यांना टनांपेक्षा रुपये लवकर कळतात.