पोट भरलेलं, नखं पांढरी

समुद्राच्या खाऱ्या हवेने आमच्या पडवीच्या भिंतीला पोपडे येतात. एका दुपारी माझा चार वर्षांचा मुलगा तिथे पाठमोरा बसून नखाने चुन्याचा पोपडा काढत होता आणि जिभेवर ठेवत होता. मी धावत जाऊन त्याचं तोंड धुतलं, पाठीत एक धपाटा घातला. तो रडलासुद्धा नाही. माझ्या खांद्यावर मान टाकून नुसता पडून राहिला. त्याचं ते दमणं मला त्याच दिवशी खटकायला हवं होतं. खटकलं तीन महिन्यांनी, अलिबागच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याची बोटं हातात घेऊन नखं दाबून पाहिली तेव्हा. नखं पांढरीफटक होती. हिमोग्लोबिन निघालं ८.१. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं ११च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. माती, खडू, चुना खायची ओढ हीसुद्धा लोह कमी पडल्याची खूण असते, हे मला त्या दिवशी कळलं.

माझा विश्वासच बसेना. रेवदंड्यात सगळ्यांना माहीत असलेलं गुटगुटीत पोर माझं. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कधी कमी भरलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "दूध किती पितो?" मी अभिमानाने सांगितलं, "जेवत नाही, पण दूध लिटरभर जातं. त्यात पावडरही घालते, ताकदीची."

त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. म्हशीचं लिटरभर दूध म्हणजे जवळजवळ १,००० कॅलरी. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १,३५०च्या आसपास. म्हणजे जेवणासाठी भूक उरली किती? त्यात त्याला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह हवं आणि दुधात ते जवळपास नसतंच. उलट दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पावडरीत साखरेचा वाटा मोठा. (अशा पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना २०२४मध्ये बजावलं. आमच्यासाठी ते फार उशिरा आलं.) त्याची कायमची बद्धकोष्ठताही त्या दुधानेच होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं. दिवसभर त्याच्या मागे वाटी घेऊन फिरत होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. यातली सगळी काही उपाशी घरांतली नसणार. माझ्यासारख्या घरांतलीही त्यात असणार.

हे सुरू झालं तो दीड वर्षाचा असताना. जेवण एकाएकी निम्म्यावर आलं आणि मी घाबरले. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं, म्हणजे भूक उतरणारच. मला हे कोणी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. जेवला नाही म्हणून दूध, दूध प्यायला म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून निदान बिस्किटाचा पुडा तरी. मग मोबाईल. गाणं लावलं की तोंड उघडायचं, घास जायचा, आणि त्याचं लक्षही नसायचं की आपण भात गिळतोय की भाकरी.

एक संध्याकाळ मात्र मी विसरू शकत नाही. पालकाची पातळ भाजी होती. तीन घास त्याने थुंकले, चौथ्याला मी त्याचं नाक चिमटीत धरलं आणि तोंड उघडताच चमचा आत घातला. त्याला ठसका लागला, मग सगळं उलटून पडलं, माझ्या मांडीवर, त्याच्या सदऱ्यावर. त्यानंतर दोन वर्षं तो ताटातली कोथिंबीरसुद्धा वेचून बाहेर काढायचा. ते माझं कर्म. मुलाच्या तोंडात घास कोंबू नका. अन्न श्वासनळीत जायचा धोका आहेच, पण मुलाला ताटाचीच भीती बसते आणि ती काढायला वर्षं लागतात.

डॉक्टरांकडून परतल्यावर मी अंगणवाडीताईंना विचारलं, तिथे काही खातो का? त्या म्हणाल्या, "अहो, उसळ दोनदा मागून घेतो. खिचडीची ताटली चाटूनपुसून साफ." मी दुसऱ्या दिवशी दाराआडून पाहिलं. वीस पोरं ओळीने मांडी घालून बसलेली. ताईंनी वाढलं आणि त्या पुढे गेल्या. माझ्या मुलाकडे कोणी बघत नव्हतं. तो शेजारच्या मुलीचं बघून मटकी बोटाने गोळा करत होता आणि खात होता. घरी मात्र एका घासाकडे चार मोठी माणसं डोळे लावून बसायची.

मग आम्ही घरी तेच करायचं ठरवलं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात कामाची वाटणी सांगितली होती, ती डॉक्टरांनी आम्हाला सोप्या शब्दांत दिली: काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे आईबापांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. दूध दिवसाला दोन लहान पेले, तेही जेवण झाल्यावर बऱ्याच वेळाने. चार वेळा खाणं, मध्ये फक्त पाणी. चहा बंद, कारण चहाही लोह अडवतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पहिले तीन दिवस फार जड गेले. पहिल्या रात्री त्याने ताट ढकललं आणि दुधासाठी तासभर रडला. सासूबाईंचे डोळे भरून आले. "पोराला उपाशी निजवतेस?" त्यांना मी काय सांगणार? मलाच झोप नव्हती. म्हणून सांगते, हे सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून समजावा, शक्य तर डॉक्टरांच्या तोंडून. आजीने पदराआडून एक बिस्किट दिलं तरी तीन दिवसांची मेहनत वाया जाते. तिसऱ्या दुपारी तो स्वतःहून पाटावर येऊन बसला आणि तांदळाची अख्खी भाकरी बोंबलाच्या कालवणात कुस्करून खाल्ली. मी तोंडातून शब्द काढला नाही. शाबासकीसुद्धा नाही. त्याच्या खाण्याची चर्चा हीच बंद करायची होती.

"भाजी संपव, मग चॉकलेट देते," हेही सोडा. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की बक्षिसाच्या आमिषाने खायला लावलेला पदार्थ मुलांना पुढे कमीच आवडतो, आणि बक्षीस मात्र जास्त गोड लागतं. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. आपण दोनदा वाढतो आणि म्हणतो, "आमच्याकडे हे खात नाही."

माझा अनुभव डाळिंब्यांचा, म्हणजे सोललेल्या वालांचा. वालाला मोड आणून कोमट पाण्यात टाकले की साल सुटतं. सासूबाई सोलायला बसल्या की तो जवळ येऊन बसायचा. एक दिवस त्यांनी त्याच्या हातात वाल दिला. त्याने दोन बोटांत दाबला, डाळिंबी सटकन उडाली आणि थेट पाण्याच्या तांब्यात पडली. तो इतका हसला! त्या दिवशी त्याने वाटीभर सोलल्या. (कच्ची तोंडात घालू दिली नाही, वाल शिजवूनच खायचा.) त्यांचं बिरडं मात्र खाल्लं नाही. पुढच्या वेळी नुसता रस खाल्ला. त्याच्या पुढच्या वेळी दोन डाळिंब्या. मग माघात चुलतभावांबरोबर शेतात पोपटीला गेला. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी; मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. मडकं उघडलं तसा सगळ्या पोरांनी शेंगांवर हात मारला आणि त्यातला एक हात माझ्या मुलाचा होता. धुराचा वास असलेल्या त्या शेंगा दातांनी ओढून त्याने किती खाल्ल्या, मी मोजल्या नाहीत. घरी बिरडं मागून घेतलं ते त्यानंतर.

आपल्या या किनाऱ्यावर लोहासाठी महाग काही आणावं लागत नाही. थेरोंड्याची मासळीवाली मावशी टोपली उतरवायची तेव्हा मी त्याला निवडू द्यायचे. "काय रे दादूस, आज कंचा म्हावरा?" असं ती विचारायची आणि तो ऐटीत मांदेलीकडे बोट दाखवायचा. स्वतः निवडलेलं म्हावरं ताटात आलं की तो निदान चाखून पाहायचा. काटा मात्र दर घासाला बोटांनी चाचपून काढा. मासळीतलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं, आणि डाळ-भाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलंही जास्त मिळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुका जवळा. दोन पाण्यांत धुवा म्हणजे मीठ आणि रेती जाते, मग खरपूस भाजून ओल्या खोबऱ्याबरोबर. नाचणीचं घावन गुळाशी. आणि अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो तिखट नसतो, दह्यात कालवला की तिखटाला घाबरणारं मूलही खातं. माझ्या मुलाने कच्ची अशी खाल्लेली पहिली भाजी तीच.

पण नुसत्या खाण्याने ८.१चं ११ होत नाही. औषध लागतंच. लोहाचं सायरप दुधाबरोबर देऊ नका, शौचाला काळी होते म्हणून घाबरून बंद करू नका. बाटली मात्र उंचावर, कुलपात ठेवा. लहान मुलाने ते जास्त प्यायलं तर जिवावर बेततं. जंताची गोळीही वेळेवर द्या. आमच्याकडे तीन महिन्यांनी ११.४ आलं, तरी साठा भरून यावा म्हणून औषध आणखी दोन महिने चाललं.

प्रत्येक हट्टी मूल असं भाकरीवर येतं, असंही नाही. वजन घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, मोजके पाच-सात पदार्थ सोडून बाकीच्यांच्या नुसत्या स्पर्शाने मूल कासावीस होत असेल, तर तीन दिवस कळ काढत बसू नका. डॉक्टर गाठा. आणि मूल गुबगुबीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. नखं बघा, खालची पापणी ओढून आतला रंग बघा, चिडचिड, दमणं बघा.

आता तो तिसरीत आहे. पालक गेल्या वर्षी खायला लागला, तोही आमटीत. शेपू नाही. आठवड्यातून एकदा घरात शेपू होतो. त्याच्या ताटात मी चमचाभर वाढते आणि माझं जेवायला घेते.