दुर्बीण दांड्याला धरायची नसते



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मिरजेहून भाचीचा फोन आला. ती ओटी टेक्निशियनचा कोर्स करते आहे आणि सध्या तिची पाळी युरॉलॉजीच्या थिएटरमध्ये लागली आहे. आवाज रडवेला होता. "मावशी, मी ट्रेमधून टेलिस्कोप उचलला तर सिस्टर केवढ्यांदा ओरडल्या! म्हणे, मधे धरू नकोस, मोडला तर भरून देणार आहेस का? अगं, स्टीलची तर नळी आहे. मोडेल कशी?"

मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञानातली आहे. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. रीडिंग विद्यापीठाच्या व्हाइटनाइट्स कॅम्पसमध्ये हॉपकिन्स बिल्डिंग नावाची इमारत आहे. ज्यांचं नाव तिला दिलं आहे ते हॅरॉल्ड हॉपकिन्स १९६७ ते १९८४ या काळात इथे उपयोजित प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक होते. आज मिरजेत, सांगलीत, साताऱ्यात 'दुर्बिणीतून' मुतखड्याचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन होतं, तेव्हा त्या दुर्बिणीच्या पोटात बहुधा या गृहस्थांचीच कल्पना असते. भाचीला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते. थिएटरमध्ये काम शिकणाऱ्या इतर मुलामुलींनाही उपयोग होईल. ऑपरेशन करायला अर्थातच हा लेख शिकवत नाही. हातात येणाऱ्या वस्तू अशा का आहेत, एवढंच सांगतो.

आधी नकाशा. दोन मूत्रपिंडं, प्रत्येक साधारण ११ सेंटिमीटर लांब. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक लिटर, या दोघांकडे जातो. (मूत्रपिंडावरच्या कुठल्याही ऑपरेशनला रक्ताची तयारी का ठेवतात ते इथेच कळतं.) प्रत्येकाकडून २५ ते ३० सेंटिमीटरची मूत्रवाहिनी खाली मूत्राशयात येते. ती तीन ठिकाणी जास्त अरुंद असते: मूत्रपिंडातून निघताना, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा अडकतो तो बहुतेक वेळा याच तीन जागी. मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्ग, आणि पुरुषांमध्ये त्याच्याभोवती प्रोस्टेट.

म्हणजे निसर्गाने बाहेरून आत जायला एक वाट दिलेलीच आहे. अडचण होती ती उजेडाची. मूत्राशयातला खडा काढण्याचं ऑपरेशन फार जुनं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर वेगळा अध्याय आहे. गुदद्वारातून बोटांनी खडा पुढे आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूला जवभर अंतर सोडून छेद घ्यायचा, आणि हे सगळं राजाची परवानगी घेऊन, कारण रोगी दगावण्याची शक्यता मोठी. लंडनमध्ये सॅम्युअल पीप्सने १६५८ साली भूल नसताना असाच खडा काढून घेतला, आणि वाचल्याच्या आनंदात तो दरवर्षी त्या तारखेला मेजवानी देत असे. पाय वर करून, गुडघ्यात दुमडून फाकवलेल्या स्थितीला आजही थिएटरमध्ये लिथॉटॉमी पोझिशन म्हणतात. लिथॉटॉमी म्हणजे खडा कापून काढणं. खडा आता तसा कुणी काढत नाही, नाव मात्र राहिलं. या स्थितीत पाय द्यायचे तर दोन्ही एकाच वेळी, दोघांनी मिळून उचलायचे आणि एकाच वेळी उतरवायचे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या मानेजवळून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. आधाराच्या दांड्याचा तिथे तासभर दाब पडला तर ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्णाचं पाऊल लुळं पडू शकतं. रुग्ण भुलीखाली असतो, दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. तिथे गादी नीट लागली आहे की नाही, हे बघणारे डोळे तुमचे.

आता दुर्बीण. माक्स नित्सं या जर्मन डॉक्टरने १८७०च्या दशकात पहिला उपयोगी सिस्टोस्कोप केला. त्यात आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं रचना एकच: लांब नळी, तिच्यात ठरावीक अंतरावर छोटी छोटी भिंगं, मधे हवा. भिंगं जागेवर राहावीत म्हणून आत आणखी एक बारीक नळी बसवायची, आणि तिच्यामुळे उजेडाची वाट आणखी चिंचोळी व्हायची. चित्र अंधूक दिसे. १९५९ मध्ये जिम गाउ हे लिव्हरपूलचे युरॉलॉजिस्ट हॉपकिन्सकडे आले. त्यांना मूत्राशयाच्या आतल्या गाठींचे रंगीत फोटो हवे होते, आणि फोटोपुरता उजेड काही मिळत नव्हता.

हॉपकिन्स तेव्हा लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात होते. त्यांनी काय केलं? हवा आणि काच यांची अदलाबदल. जिथे हवा होती तिथे काचेच्या लांब कांड्या घातल्या, टोकं भिंगासारखी घासलेल्या. जिथे भिंगं होती तिथे हवेच्या पातळ फटी ठेवल्या. यातून तीन फायदे एकदम झाले, आणि हे गणित मला अजूनही सुंदर वाटतं.

पहिला. अशा नळीतून किती प्रकाश पुढे जाईल हे मधल्या माध्यमाच्या अपवर्तनांकाच्या वर्गावर ठरतं. हवेचा १, काचेचा साधारण १.५. वर्ग केला की २.२५. म्हणजे नुसत्या अदलाबदलीने उजेड दुपटीहून जास्त.

दुसरा. लांब कांडी स्वतःच्या लांबीवर सरळ बसते, आतली बारीक नळी लागत नाही, म्हणून उजेडाची वाट रुंदावते. इथे प्रकाश त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या १.४ पट झाली तर उजेड जवळजवळ चौपट. दोन्ही मिळून नऊपटीच्या आसपास.

तिसरा. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे ४० पृष्ठभाग धरले तर शेवटी पाचवा हिस्साच उरतो. कांड्यांच्या टोकांवर परावर्तन कमी करणारा पातळ लेप दिला आणि तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला तर ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश पोहोचतो.

ब्रिटनमधल्या कंपन्यांना यात रस वाटला नाही. शेवटी जर्मनीतल्या टुटलिंगन गावच्या कार्ल स्टोर्झ यांनी ती कल्पना घेतली आणि १९६७च्या सुमारास दुर्बिणी बाजारात आणल्या. आणखी एक गंमत. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि त्यांचे पंजाबी विद्यार्थी नरिंदर सिंग कपानी यांनी 'नेचर'मध्ये लवचीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याबद्दल निबंध छापला होता. आज ट्रेमधली करडी, जाड लाइट केबल म्हणजे काचतंतूंचंच जुडगं. एकाच दुर्बिणीत उजेड आत जातो तंतूंमधून आणि चित्र बाहेर येतं कांड्यांमधून.

तर भाचीबाई, सिस्टर ओरडल्या त्याचं कारण हे. ती स्टीलची नळी दिसते, पण आत पेन्सिलीहून बारीक काचेच्या कांड्यांची माळ आहे. दुर्बीण धरायची ती डोळा लावायच्या जाड टोकाला. मधे धरली, वाकवली, तिच्यावर जड शीथ किंवा फोर्सेप्स ठेवला, की एखादी कांडी तडकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तपासायचं कसं? डोळा लावून पांढऱ्या कागदाकडे बघायचं. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर कांडीचा टवका गेला असेल किंवा नळीला पोचा आला असेल. चित्र धुक्यासारखं असेल तर सील गळून आत ओल शिरली असेल. केबलचं एक टोक छताच्या दिव्याकडे करून दुसऱ्यात बघितलं की तुटलेले तंतू काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. हे सगळं रुग्ण टेबलावर येण्याआधी. आणि चालू केबलचं टोक रुग्णाच्या अंगावरच्या कापडावर कधीही ठेवायचं नाही. 'थंड प्रकाश' हे फक्त नाव. त्या टोकाने कापड जळतं आणि खालची कातडीही.

दुर्बीण दिसते तरी, म्हणून लोक तिला जपतात. पाण्याकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि खरा धोका तिथे आहे.

माझ्या बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पुण्यात झालं तेव्हा मी इथे रीडिंगमध्ये फोन हातात धरून बसले होते. बहिणीने नंतर सांगितलं की बाहेर काचेतून नुसत्या पिशव्या दिसत होत्या, एकामागून एक लावलेल्या. त्या ऑपरेशनमध्ये तारेच्या कड्यातून वीज सोडून प्रोस्टेटचे छोटे तुकडे सोलून काढतात, आणि रक्ताने चित्र लाल होऊ नये म्हणून सतत द्रव आत सोडतात. जुन्या, मोनोपोलर पद्धतीत इथे सलाईन चालत नाही, कारण मिठाचं पाणी वीज वाहून नेतं आणि ती कड्याच्या टोकाशी एकवटत नाही. साधं शुद्ध पाणी रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून १.५ टक्के ग्लायसीन वापरतात. ते वीज वाहत नाही. पण त्यात सोडियम अजिबात नसतं.

प्रोस्टेट सोलताना शिरा उघड्या पडतात आणि द्रव त्यांतून आत शिरतो. ढोबळ हिशेब करू. पेशींबाहेरचं पाणी १४ लिटर, सोडियम लिटरला १४० मिलिमोल. दोन लिटर ग्लायसीन आत गेलं तर तेच सोडियम १६ लिटरमध्ये पसरलं: १२२. १२५च्या खाली गेलं की मेंदूला सूज, गोंधळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी मंद, पुढे झटके. यालाच टीयूआर सिंड्रोम म्हणतात. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर रुग्ण जागा असतो, आणि पहिली खूण बहुतेक वेळा त्याच्या बोलण्यातच मिळते. आजोबा मघापर्यंत नीट बोलत होते आणि आता कुठे आहोत हे विचारायला लागले, तर भूलतज्ज्ञांना लगेच सांगा. "वय झालंय, चालायचंच" म्हणून सोडू नका.

म्हणून हिशेब ठेवायचा: किती आत गेलं, किती बाहेर आलं, फरक किती, आणि तो दर पिशवीला मोठ्याने सांगायचा. पिशवी उंच टांगली की धार जोरात येते आणि सर्जनला छान दिसतं, पण दाबही वाढतो. मूत्राशयापासून ६० सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे सुमारे ४४ मिलिमीटर. सर्जनने सांगितल्याशिवाय स्टँड वर सरकवायचा नाही. द्रव कोमट हवा, नाहीतर म्हातारं शरीर तासाभरात गारठतं. आता बायपोलर यंत्रात वीज कड्यातल्या कड्यातच फिरते म्हणून सलाईन चालतं आणि सोडियमचा हा धोका जातो. मात्र पाणी शरीरात भरून हृदयावर ताण येण्याचा धोका उरतोच. पिशवी लावताना लेबल वाचा, आणि यंत्र कोणतं आहे ते विचारून मगच लावा.

मुतखड्याबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. छोटा खडा बाहेरून ध्वनीच्या धक्क्यांनी फोडतात. ही युक्ती विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीकडून आली आणि म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. मूत्रवाहिनीतल्या खड्यापर्यंत बारीक दुर्बीण नेऊन लेसरने त्याची भुकटी करतात. मूत्रपिंडातला मोठा खडा असेल तर पाठीतून सुई, सुईतून तार, तारेवरून नळ्या रुंद करत करत वाट तयार होते. तिन्ही सांधे जोडणारी वस्तू म्हणजे ती तार. तार निसटली तर वाट हरवली. सर्जन नळी बदलत असताना तारेचं टोक कुणाच्या तरी हातात असायलाच हवं, आणि तो हात बहुधा तुमचा असतो. मापं फ्रेंचमध्ये असतात: मिलिमीटर गुणिले तीन. २४ फ्रेंच म्हणजे ८ मिलिमीटर.

शेवटी आत डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. ती काही आठवड्यांत काढायची असते. रुग्णाला बरं वाटतं, तो गावी जातो आणि विसरतो. वर्षा-दोन वर्षांनी परत येतो तेव्हा नळीवर खड्यांचं कवच चढलेलं असतं आणि कधीकधी मूत्रपिंडच कामातून गेलेलं असतं. स्टेंट घातल्याची तारीख आणि काढायची तारीख वहीत लिहिणं, आणि नातेवाइकांना मराठीत सांगणं, "आत नळी आहे, ती काढायला यायचंय", ही पाच मिनिटं कुठल्याही लेसरइतकीच मोलाची.

भाचीने फोन ठेवता ठेवता विचारलं, "पण मावशी, मला काही चुकीचं दिसलं तरी मी बोलू कशी? मी शिकाऊ." तिला मी वेल्समधली एक घटना सांगितली. २००० साली तिथल्या एका रुग्णालयात रुग्णाचं निकामी मूत्रपिंड ठेवून चांगलं मूत्रपिंड काढलं गेलं. कागदावर बाजू चुकीची लिहिली गेली होती. थिएटरमध्ये एका वैद्यकीय विद्यार्थिनीने हे चुकतंय असं सांगितल्याचं पुढे बाहेर आलं. तिचं कुणी ऐकलं नाही. काही आठवड्यांत रुग्ण गेला. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ मध्ये आली. तीत छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबून रुग्णाचं नाव, ऑपरेशन आणि जागा मोठ्याने म्हणायची असते. शिकाऊ माणसाला तोंड उघडायची ती हक्काची वेळ आहे. स्कॅनवर डावं-उजवं बघ, कातडीवरची खूण बघ, संमतीपत्र बघ, आणि तिन्ही जुळत नसतील तर "सर, एक मिनिट" म्हण.

परवा तिचा मेसेज आला. टाइम आऊटच्या वेळी तिने विचारलं होतं, "सर, पिशवी ग्लायसीनची आहे, पण यंत्र बायपोलर आहे ना?" पिशवी बदलली गेली. सिस्टर काही बोलल्या नाहीत, पण नंतर चहा त्यांनीच पाजला.