एकमेकांचें ओझें आणि आपापला भार

शास्त्रवाचन : २ राजे ४:१–७, नीतिसूत्रें २२:२६–२७, गलती ६:१–५

सहकारी पतसंस्था ही व्यवहाराची बाब. शास्त्रपाठांत तिचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु पहिला उतारा वाचून पाहा. एका संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा अलीशाकडे आली, ती कर्जाचेंच गाऱ्हाणें घेऊन. नवरा देवभीरु होता, तरी कर्ज मागें ठेवून गेला. आणि सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला होता. अलीशानें तिला परत पाठविलें नाहीं. घरांत काय आहे हें त्यानें प्रथम विचारलें, आणि शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणण्यास सांगितलें. भांडीं भरल्यावर त्यानें क्रम घालून दिला तो असा : तेल विकावें, देणें फेडावें, आणि उरेल त्यावर निर्वाह करावा. चमत्कार देवाचा खरा. पण कुपी तिची, भांडीं शेजाऱ्यांचीं, आणि विक्रीची खटपटहि तिचीच.

१. दान आणि पत. जर्मनीतील ऱ्हाईन प्रांतांत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन (१८१८–१८८८) नांवाचा प्रॉटेस्टंट गृहस्थ कांहीं गांवांचा मुख्य कारभारी होता. १८४६–४७ च्या दुष्काळांत त्यानें गरिबांस पाव पुरविण्यासाठीं मंडळ काढलें, व १८४९ सालीं शेतकऱ्यांस गुरें घेण्यास साह्य करणारें दुसरें काढलें. ह्या दोहोंचा आधार सधनांची उदारता हा होता, आणि केवळ उदारतेवर असें काम फार दिवस टिकत नाहीं, हें त्यास अनुभवानें कळलें. म्हणून १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें त्यानें जी पतसंस्था स्थापिली, तिचा नियम असा कीं, ज्यास कर्ज पाहिजे त्यानें सभासद व्हावें, आणि संस्थेच्या देण्यास सर्व सभासदांनीं जबाबदार राहावें. घेणारा आतां याचक राहिला नाहीं. तो भागीदार झाला.

२. आपल्या देशांत. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्त जाळले. परंतु दस्त जळाल्यानें गरज जळत नाहीं. पेरणीच्या वेळीं पैसा पुन्हा लागतोच. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षीं, तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत गदगजवळ कणगिनहाळ गांवीं, शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. सभासदाचे भाग थोडे असोत कीं फार, मत एकच, हा सहकाराचा नियम आहे.

३. धंद्यास उपयोग. समजा, बुरूडकाम करणाऱ्या एका बंधूनें सावकाराकडून दरमहा शेकडा ५ दरानें १०,००० रुपये घेतले. वर्षास ६,००० रुपये व्याज जाईल, आणि मुद्दल जागच्या जागीं राहील. तीच रक्कम पतसंस्थेंतून दरसाल शेकडा १२ दरानें घेतली, तर वर्षाचें व्याज १,२०० रुपये; दरमहा मुद्दलासह हप्ता भरल्यास त्याहूनहि कमी, कारण व्याज उरलेल्या मुद्दलावरच बसतें. शिवाय बांबू रोखीनें घेतला म्हणजे उधार देणाऱ्या व्यापाऱ्यासच टोपल्या त्याच्या भावानें द्याव्या लागत नाहींत. मात्र बांबूसाठीं घेतलेला पैसा लग्नाच्या मांडवांत खर्चला, तर टोपली विणली जाणार नाहीं आणि हप्ता तर येणारच.

४. जामिनाचा प्रश्न. नीतिसूत्रांचा कर्ता बजावतो कीं, दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहणाऱ्याचें अंथरूणहि जाऊं शकतें. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणेंहि, करारांत वेगळें ठरलेलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मग जामीन राहूंच नये काय? पौल एकाच अध्यायांत दोन गोष्टी सांगतो : एकमेकांचीं ओझीं वाहावीं, आणि प्रत्येकानें आपला भार स्वतः वाहावा. पहिली आज्ञा जामीनदारास आहे, दुसरी कर्जदारास. दुसरी मोडली कीं पहिलीहि मोडते. कर्ज थकलें म्हणजे बंधु प्रथम जामीनदाराची वाट चुकवितो, मग प्रार्थनामंदिराची. कारण दोघेहि एकाच सतरंजीवर बसणारे. अशा रीतीनें थोड्या रुपयांपायीं मंडळींतील एक घर तुटतें. म्हणून जामीन राहण्यापूर्वीं धंदा डोळ्यांनीं पाहावा, आणि वेळ आल्यास स्वतः भरतां येईल तेवढ्याच रकमेस सही करावी. कर्जदारावर आजार किंवा नुकसान ओढवल्यास त्यानें हप्ता चुकण्यापूर्वींच संस्थेस व जामीनदारास खरें सांगावें.

५. संस्थेची पारख. ठेव ठेवण्यापूर्वीं हिशेबतपासणीचा अहवाल मागावा, व वार्षिक सभेस जाऊन प्रश्न विचारावे. बँकेंतील ठेवीस ठेव विम्याचें जें संरक्षण आहे, तें पतसंस्थेंतील ठेवीस लागू नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें. फार मोठ्या व्याजाचें आमिष दाखविणाऱ्यापासून दूर राहावें.

प्रचारकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न :
(१) विधवेनें तेल विकल्यावर प्रथम काय करावयाचें होतें?
(२) दान घेणारा व सभासद ह्यांत भेद काय?
(३) कर्ज थकलेल्या बंधूकडे मंडळींतून कोण जाईल, व काय बोलेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पाठाच्या वेळीं मिळालें नाहीं, तरी पुढील रविवारपूर्वीं कोणीतरी त्याच्या दारीं जावें.