सर, मित्राने दिलेला प्रसाद खाऊ का?

(धर्मशिक्षण: इयत्ता नववी-दहावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी)



दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, माझा मित्र अंबाबाईचा प्रसाद आणतो. मी खाऊ का?" क्षणभर कोणीच बोलेना. मग एकदम तीन उत्तरे आली. एक म्हणाला, "नाही खायचा, पाप लागतं." एक मुलगी म्हणाली, "खायचा की, सगळे देव एकच." तिसरा खाली बघत म्हणाला, "मी घेतो आणि खिशात ठेवतो. घरी आल्यावर त्याचं काय करायचं ते कळत नाही." मला हे तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटले.

कोल्हापुरात आपले मूल शाळेत बहुधा एकटेच ख्रिस्ती असते, फार तर वर्गात दोघे-तिघे. आठवड्याचे सहा दिवस ते हिंदू, मुस्लिम, जैन, लिंगायत, बौद्ध मुलांबरोबर बसते, डबा खाते, भांडते आणि खेळते. रविवारी मिस्सानंतर तासभर ते आपल्याकडे असते. त्या तासात आपण त्याला संस्कार, आज्ञा आणि प्रार्थना शिकवतो, आणि ते आवश्यकच आहे. पण शेजारच्या बाकावरच्या मित्राची श्रद्धा काय आहे हे त्याला कोण सांगते? बहुतेक वेळा मोबाईल सांगतो. मोबाईलवर काय येते हे पालकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून आधी तीन शब्द समजून घेऊ. मुले ते एकाच अर्थाने वापरतात.

'धर्म' हा आपल्या भाषेतला मोठा ऐसपैस शब्द आहे. शेजारधर्म म्हणतो तेव्हा आपण देवाविषयी बोलत नसतो, कर्तव्याविषयी बोलत असतो. दानधर्म म्हणजे देणे. धर्मशाळेत वाटसरू उतरतो. वाहणे हा पाण्याचा धर्म. आणि शाळेच्या अर्जात 'धर्म' या रकान्यात आपण 'ख्रिस्ती' लिहितो, तेव्हा एक समाज, त्याचे ग्रंथ, उपासना, सण आणि नियम असे सगळे त्या एका शब्दात येते. 'अध्यात्म' म्हणजे माणसाच्या आतला प्रवास: मौन, प्रार्थना, ध्यान, स्वतःची झडती. धर्म पाळणाऱ्याच्या ठायी अध्यात्म असतेच असे नाही. आपल्यापैकी काहीजण मिस्सामध्ये घड्याळ बघतात ते आठवा. आणि 'श्रद्धा' म्हणजे माणूस ज्याच्या भरवशावर आपले आयुष्य उभे करतो ते. एखाद्या धर्माची ओळख करून घेताना हे तिन्ही बघावे लागते. तो माणूस काय करतो, आत काय शोधतो आणि कशावर विसंबतो? नुसते सण आणि पदार्थ माहीत झाले म्हणजे धर्म कळला असे होत नाही.

काही पालकांना भीती वाटते की इतर धर्म शिकवले तर मूल बिघडेल. शाळेत हे शिकवणे कायद्यात बसते का, असेही काहीजण विचारतात. संविधानाच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. हा नियम ख्रिस्ती संस्थांच्या अनुदानित शाळांनाही लागू आहे. मात्र धर्मांची माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात केला. आपल्या भाषेत सांगायचे तर, एखाद्याची स्नानसंस्कारासाठी तयारी करून घेणे वेगळे आणि स्नानसंस्कार म्हणजे काय हे वर्गाला समजावून सांगणे वेगळे.

आता पुस्तक मिटून दसरा चौकात चला. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. त्या वर्षी मराठा आणि दिगंबर जैन विद्यार्थ्यांची, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, सारस्वत आणि भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचीही सोय झाली. मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले आणि कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी पैसा दिला. कोणाला आपला धर्म सोडायला लावला नाही, आणि धर्मामुळे कोणाचे शिक्षण अडू दिले नाही. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ हे सारे दसरा चौकाच्या आसपासच आहे. नववीच्या मुलांना अर्ध्या तासात पायी दाखवता येईल.

पण पाहून थांबू नये, विचारावे. जैन मित्र सूर्यास्तापूर्वी का जेवतो, कांदा-बटाटा का टाळतो? अंधारात न दिसणारा जीव आणि जमिनीखालचे असंख्य जीव यांची हिंसा होऊ नये म्हणून, असे तो सांगेल. कुंभोजजवळच्या बाहुबली येथील 28 फुटी मूर्तीसमोर उभे राहिलात तर आणखी एक गोष्ट विचारा: जैन लोक सृष्टी निर्माण करणारा देव मानतात का? मानत नाहीत. हे ऐकून आमच्या वर्गातली मुले चक्रावली. देव नाही तर मग धर्म कसा? तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो. लिंगायत मित्राच्या गळ्यातले इष्टलिंग हा दागिना नव्हे, त्याचा देव त्याच्या अंगावर आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कष्टाच्या कामालाच उपासनेची प्रतिष्ठा दिली हे त्याच्या घरी विचारले तर कळेल. बौद्ध मित्राच्या घरी 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख का सांगितली जाते, आणि त्याआधी 1920 साली आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांविषयी काय आशा व्यक्त केली, तेही विचारा.

मोहरमला कोल्हापूरच्या तालमींत पंजे बसतात आणि त्यांच्यापुढे हिंदू घरांतली माणसेही हात जोडतात. कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसतो. हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. तरीही "सगळे देव एकच" हे आमच्या वर्गातल्या मुलीचे उत्तर मला पुरे वाटत नाही. जैन आणि ख्रिस्ती माणूस देवाविषयी एकच गोष्ट सांगत नाहीत. मुस्लिम बांधव येशूला थोर पैगंबर मानतात, आपण देवाचा पुत्र मानतो. हा फरक झाकून ठेवला तर आपण दोघांचाही अपमान करतो, कारण मग दोघांचेही म्हणणे आपण ऐकलेलेच नसते. फरक माहीत असूनही एका ताटात जेवता येते.

आता थोडे आपल्या घरचे. "तुम्ही लोक मरियेला देव मानता ना?" असे कोणी विचारले की आपली मुले चिडतात. वाइल्डर मेमोरियल चर्चही आपलेच का, असे विचारले तर गोंधळतात. (ते प्रॉटेस्टंट बांधवांचे आहे, त्यांचे अमेरिकन मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले.) म्हणजे आपल्याविषयी कोणी चुकीचे बोलले की काय वाटते हे मुलांना पक्के ठाऊक आहे. मग हेच माप उलटे लावायला शिकवा. एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले, "हिंदू लोक दगडाची पूजा करतात." मी तिला म्हटले, हे वाक्य तुझ्या मैत्रिणीच्या आईला वाचून दाखवशील? ती म्हणाली, "नको सर, त्या म्हणतील तुम्हीपण पुतळ्यासमोर मेणबत्ती लावता की." तिने ते वाक्य स्वतःच खोडले. दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिलेले वाक्य त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखवता आले पाहिजे, एवढीच कसोटी मी वर्गात ठेवली आहे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी 'नोस्त्रा एताते' हे ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे पत्रक प्रसिद्ध केले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय. आपल्या मातीत याआधी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी 1616 साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त येशूची कथा मराठी ओवीत गायिली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. पण चांगले तेवढेच दाखवू नये. धर्माच्या नावाने माणूस माणसाला कमी लेखतो हेही मुलांना कळू द्या. 1899 साली छत्रपतींनाही पुरोहिताने वेदोक्त मंत्र नाकारले. मग पाणवठ्यावरून हाकलल्या जाणाऱ्यांचे काय होत असेल? आपणही निर्दोष नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आणि ज्याची देवावर श्रद्धाच नाही त्याचे काय? तोही वर्गात असतो, फक्त बोलत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे याच शहरात राहिले, कष्टकऱ्यांसाठी झटले. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांच्यावर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. देव न मानणारा माणूस मूल्यांशिवाय जगतो असे मुलांना सांगणे खोटे आहे. व्हॅटिकन परिषदेने तर उलट प्रश्न केला आहे: श्रद्धावंतांच्या वागण्यामुळेच देवाचा चेहरा इतरांपासून झाकला गेला नाही ना?

राहिला प्रसाद. संत पौलापुढे हाच प्रश्न करिंथमध्ये आला होता. पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय घरी एकत्र वाचा. मूर्तीला काही सत्ता नाही, म्हणून अन्नाला घाबरू नका, असे तो सांगतो. पण नैवेद्य आहे हे कळल्यावर समोरच्याच्या विवेकासाठी तो न खाणे बरे, असेही सांगतो. एका शब्दाचे उत्तर तिथे नाही. काही घरांत मित्राचे प्रेम म्हणून घेतात, काही घरांत नम्रपणे नको म्हणतात. माझे मत विचाराल तर, मुलाने मित्राला सरळ सांगावे: "तुझ्या घरच्यांनी माझी आठवण ठेवली याचा मला आनंद आहे, पूजेत मात्र मी भाग घेत नाही." घ्यायचे की नाही ते त्यानंतर घरच्यांशी व फादरांशी बोलून ठरवावे. तोंड वाकडे करणे आणि गुपचूप फेकून देणे, या दोन गोष्टी मात्र करू नयेत.

पुढील रविवारी वर्गाला येताना प्रत्येकाने वेगळ्या श्रद्धेच्या एका मित्राला किंवा शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारून यावे: "तुम्ही अडचणीत असता तेव्हा काय करता?" त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावे आणि आणण्यापूर्वी त्यांना एकदा वाचून दाखवावे.